सातव्या वळणावर एकशे बारा

सिस्टर निवृत्त झाल्या, पण गल्लीनं त्यांना निवृत्त होऊ दिलं नाही. कुणाचा पाय मुरगळला, कुणाच्या नातवानं नाकात खडू कोंबला, की दारावर थाप पडायची, "सिस्टर आहेत का?" एकतीस वर्षं पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात काढलेली बाई. नाव सासरचं वेगळं, माहेरचं वेगळं, पण हाक एकच.

निरोपाच्या दिवशी मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी बैठकीत लावलं. पहिल्याच दिवशी त्या घड्याळात सकाळचे सात वाजले आणि आपल्याला कुठंही जायचं नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले, पुसले, पुन्हा वर लावले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच, फक्त उंचीच्या क्रमानं.

चौथ्या दिवशी नवरा म्हणाला, "डब्यांना जरा विश्रांती दे. चल माझ्याबरोबर गाडीवर."

"मी काय करू गाडीवर?"

"चलनं सांभाळ. पोचल्याच्या सह्या घे. डेपोवाले म्हणतात, गाडीत दुसरं माणूस हवंच. माझा आधीचा माणूस गेला दुसरीकडे."

"आणि पगार?"

"मुकादमीणबाईंना दुपारचा चहा."

नवऱ्याला सगळे पावणेसात म्हणत. सकाळी पावणेसातच्या ठोक्याला त्यांची पिकअप सुरू व्हायची, गेली अकरा वर्षं. समोरच्या घरातली बाई त्या आवाजावर दूध तापायला ठेवायची. एकदा पावणेसात आजारी पडले तेव्हा तिच्या मुलांची शाळा बुडाली होती. चौतीस वर्षांच्या संसारात नवरा रस्त्यावर आणि बायको पाळ्यांवर. दोघं दिवसभर शेजारी बसलेत असं लग्नातल्या पाटानंतर पहिल्यांदाच घडत होतं.

काम सरळ होतं. सपाटीवरच्या डेपोतून फरशा भरायच्या आणि अठ्ठावीस किलोमीटरवर, डोंगराच्या माथ्यावर, शाळेच्या नव्या वसतिगृहाला पोचवायच्या. वाटेत नऊ वळणं. तिसऱ्यापासून सातव्यापर्यंतचा चढ असा, की पायी चालणारा माणूसही बोलणं बंद करतो. एका खेपेला सव्वा टन. दिवसाला तीन खेपा, आणि वरचं फाटक पाचला बंद. पाच म्हणजे पाच. तिथला पहारेकरी पाच वाजून एक मिनिटानं स्वतःच्या भावालाही आत घेत नसे.

या कामावर दोनच गाड्या होत्या. एक यांची अकरा वर्षांची, दुसरी एका तरण्या ड्रायव्हरची, नवी कोरी. तो बारा महिने लाल शर्ट घालायचा, म्हणून लालशर्ट. पहिलं वसतिगृह संपत आलं होतं आणि दुसऱ्या इमारतीसाठी एकच गाडी ठेवणार होते. दोन वर्षांचं काम.

हे सगळं सुरळीत चाललं असतं, जर मुलानं आईवडिलांच्या काळजीपोटी ते मीटर पाठवलं नसतं.

मुलगा दुसऱ्या शहरात बँकेत होता. वडिलांची गाडी जुनी झाली, इंजीन कधी दगा देईल सांगता येत नाही, असं त्यानं कुठंतरी वाचलं आणि एक खोकं पाठवून दिलं. आत एक गोल काळं मीटर, एक वायर आणि तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढं पितळी बोंड. नेहमीच्या मेस्त्रींनी ते बोंड ऑइल फिल्टरच्या बुडाशी बसवलं, मीटर डॅशबोर्डवर दोन स्क्रूंनी ठोकलं आणि हात पुसत म्हणाले, "झालं. आता हिच्या पोटातलं तेल किती तापतंय ते बसल्या जागी दिसेल."

"आणि किती तापलं म्हणजे ताप समजायचा?" सिस्टरांनी विचारलं.

"ते बसून सांगण्यासारखं आहे, सिस्टरबाई. परवा माझं डोळ्याचं ऑपरेशन आहे लेकीकडे. आलो की सांगतो." आणि मेस्त्री गेले ते तीन आठवड्यांसाठी.

मीटरवर पन्नासपासून दीडशेपर्यंत आकडे होते. हिरवा पट्टा नाही, लाल पट्टा नाही. नुसते आकडे आणि एक पांढरा काटा.

पहिल्या दिवशी भरलेली गाडी तिसऱ्या वळणावर चढाला लागली. पावणेसातांनी गिअर उतरवला. इंजिनाचा आवाज घोगरा झाला. सिस्टर मीटरकडे बघत होत्या, वॉर्डात सलाईनच्या थेंबाकडे बघायच्या तशा.

"थांबा."

"इथं? वळणावर?"

"शंभर झाले."

"कुणाचे?"

"गाडीचे. अहो, शंभर! पाणी उकळतं शंभरला."

"पाण्याचा काटा बघ की. अर्ध्यावर आहे. अकरा वर्षं तिथंच आहे."

"पाण्याचं पाणी बघेल. मी तेलाचं म्हणतेय. थांबा म्हणते ना."

पावणेसातांनी गाडी कडेला घेतली. वाद घातला नाही, आणि त्याला कारण होतं. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांनी छाती चोळत "पित्त झालंय" असं म्हटलं होतं. सिस्टरांनी त्यांच्या वरच्या ओठावरचा घाम बघितला आणि चपला न घालता त्यांना रिक्षात कोंबलं. ते पित्त नव्हतं, हृदय होतं. दवाखान्यातून घरी आले त्या दिवशी पावणेसातांनी एकच शब्द दिला होता: तू थांब म्हणालीस की मी थांबणार, का ते नंतर विचारणार.

आता ते नंतर आलं होतं. बॉनेट उघडून दोघं बाजूला उभे होते.

"अगं, पण आवाज ठीक आहे हिचा. वास नाही, धूर नाही."

"तुमचाही आवाज ठीक होता."

पावणेसात रस्त्याकडेच्या दगडावर जाऊन बसले.

शंभराचा आकडा सिस्टरांच्या अंगात दोन्ही बाजूंनी मुरलेला होता. वॉर्डातल्या थर्मामीटरवर साडेअठ्ठ्याण्णव म्हणजे माणूस बरा आणि शंभर म्हणजे ताप. चुलीवरच्या पातेल्यात शंभर म्हणजे उकळी. हे मीटर त्या थर्मामीटरच्या मापाचं नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी काट्यानं ती रेघ ओलांडली की हात दाराच्या कडीकडे जायचा तो जायचाच.

त्यांनी मेस्त्रींना फोन लावला. लेकीनं उचलला.

"बाबांना फोन नाही देता येणार. डॉक्टरांनी बोलायचं नाही, वाकायचं नाही, शिंकायचं नाही असं सांगितलंय."

"शिंकायचं नाही हे बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. "थेंब किती वेळा घालताय?"

"चार."

"घालण्याआधी हात धुताय ना साबणानं? ठीक. नका देऊ फोन." आणि आपला प्रश्न न विचारताच त्यांनी फोन ठेवला. रोग्याला त्रास द्यायचा नाही हा नियम त्यांनीच एकतीस वर्षं नातेवाइकांना ऐकवला होता.

मग मुलाला फोन.

"आई, त्यात काय कठीण आहे? हिरव्यात ठेवायचं."

"हिरवं नाहीये त्यात."

"मग लाल झालं की थांबायचं."

"लालही नाहीये."

"असं कसं? फोटोत तर होतं."

"फोटो तुझ्याकडे आला, मीटर आमच्याकडे आलं. ठेव."

दुसऱ्या दिवसापासून सिस्टरांनी चार्ट सुरू केला. घरात वॉर्डाचे जुने छापील कागद होते, पाठकोरे म्हणून आणलेले. त्यांनी ते सुलटे वापरायला काढले. रुग्णाचं नाव या जागी गाडीचा नंबर. वय: अकरा. वजन: सव्वा टन अधिक. आडव्या ओळीत डेपो, पूल, तिसरं वळण, पाण्याची टाकी, सातवं वळण, फाटक. प्रत्येक ठिकाणी ठिपका, मग ठिपक्यांना जोडणारी रेघ. शेवटचा रकाना: उपचार. कागद क्लिपबोर्डला, क्लिपबोर्ड हँडब्रेकजवळ टांगलेला.

"खाटेच्या पायथ्याशी लावतात तसं," त्या म्हणाल्या.

"डिस्चार्ज कधी मिळेल तेही लिही," पावणेसात म्हणाले.

पहिले पाच दिवस असे गेले. शंभर झाले की थांबायचं, बॉनेट उघडायचं, पंधरा मिनिटं मोजायची. प्रत्येक खेपेला दोनदा, कधी तीनदा. थांबूनही पुढच्या चढावर काटा परत वर जायचाच. सातव्या वळणाच्या आसपास उभं राहायला जागाच नव्हती, तिथं तो एकशेदहा-बाराला टेकायचा आणि सिस्टर डोळे मिटून घ्यायच्या. ठिपका मात्र डोळे उघडून मारायच्या. तिसरी खेप फाटकात शिरायची तेव्हा पाचला दहा कमी, पाच कमी. एके दिवशी तर पहारेकऱ्यानं फाटकाची एक बाजू लोटलीही होती.

सहाव्या दिवशी सिस्टरांनी उपचार बदलला.

डेपोत जुनी गोणपाटं पडलेली होती. त्यातलं एक त्यांनी नळाखाली भिजवलं, पिळलं, चौघडी घातली आणि गाडीच्या पुढच्या जाळीवर बांधलं. बांधलं तेही बँडेजच्या गाठीनं, सपाट, टोकं आत खोचून.

पावणेसात बघत राहिले. "हे काय?"

"ओली पट्टी. ताप उतरत नाही तेव्हा कपाळावर ठेवतात."

"हिचं कपाळ हे आहे का?"

"समोरचा भाग आहे ना? वारा लागला की गार होईल."

लालशर्ट शेजारच्या गाडीत फरशा भरून घेत होता. तो खिडकीतून अर्धा बाहेर आला. "काय काका, गाडीला टायफॉईड?"

"साधा ताप आहे," पावणेसात म्हणाले. "तू लांब राहा, तुझी कोवळी आहे."

त्या दिवशी काटा एकशेवीसवर गेला. दुसऱ्या दिवशी एकशे तेवीस. गोणपाट पुलापर्यंतच वाळून खडखडीत व्हायचं. सिस्टर ते पुन्हा भिजवायच्या, आणखी एक घडी वाढवायच्या. थांबे दोनाचे चार झाले, पंधरा मिनिटांची वीस झाली.

"पाण्याचा काटाही जरा वर सरकलाय गं," पावणेसात एकदा म्हणाले.

"बघा! पसरतोय आजार."

तीन खेपांच्या दोन झाल्या. एकदा नाही, सलग बारा दिवस. तिसरी खेप भरायची वेळ यायची तेव्हा घड्याळ सांगायचं की आता निघून उपयोग नाही. लालशर्टच्या रोज तीन, तेही शिट्टी वाजवत.

शनिवारी संध्याकाळी डेपोच्या स्टोअरकीपरनं त्यांना आत बोलावलं. बारीक चणीचा, कानावर पेन्सिल असलेला माणूस. पावणेसातांना अकरा वर्षं ओळखणारा. त्याच्या टेबलावर फुटलेल्या फरशीचे दोन तुकडे पेपरवेट म्हणून होते.

"बसा काका. सिस्टर, तुम्हीही बसा. हे तुकडे कुणाच्या गाडीतले, ठाऊक आहे?"

"आमच्या नाहीत," सिस्टर म्हणाल्या.

"नाहीतच. काकांच्या गाडीतून आजवर एक कोपरा उडालेला नाही. म्हणून तर मला दुसऱ्या इमारतीला तुम्हीच हवे होतात." त्यानं पेन्सिल काढली, बघितली, परत कानावर ठेवली. "पण वरून रोज विचारणा होते. दोन खेपांवर मी कुणाला काय तोंड दाखवू? सोमवारपासून सहा दिवस. सहाही दिवस तीन-तीन. एक जरी चुकली, तर लालशर्ट कायम. मला नंतर बोल लावू नका."

बाहेर येऊन दोघं गाडीत बसले. पावणेसातांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"हे गेलं तर हिला दुसरं काम मिळणार नाही," ते म्हणाले. "अकरा वर्षांच्या गाडीला दारात कुणी उभं करत नाही. विकून टाकावी लागेल."

"आणि तुम्ही?"

"मी तुझ्याबरोबर. दोघं मिळून डबे लावू. मी वरचे, तू खालचे."

त्यांनी ते हसत म्हटलं. सिस्टर हसल्या नाहीत. एकतीस वर्षांत कितीतरी माणसं त्यांनी बघितली होती, काम सुटल्यावर चार महिन्यांत वॉर्डात येणारी, कशानं आलो हे स्वतःलाच सांगता न येणारी.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पावणेसात आडवे झाले. सिस्टरांनी स्वयंपाकघरातलं टेबल पुसलं, कोरडं केलं आणि त्यावर सतरा दिवसांचे चार्ट एकापुढे एक मांडले. टेबल पुरेना, तेव्हा शेवटचे तीन गॅसच्या ओट्यावर.

त्यांच्या पहिल्या मेट्रनबाई फार कडक होत्या. चार्टवर अंदाजानं ठिपका मारलेला त्यांना वास घेऊन कळायचा. त्या म्हणायच्या, "पोरी, चार्ट खोटं बोलत नाही. खोटं बोलतो आपण, तो वाचताना."

सिस्टर पहिल्या कागदापासून वाचू लागल्या. दिवस पहिला ते पाचवा: सातव्या वळणावर एकशेदहा, एकशे बारा, एकशे नऊ, एकशे बारा, एकशे अकरा. चढ संपला की खाली. फाटकापाशी शंभरच्या आत. रोज तेच. थांबलं तरी तेच, न थांबता जो टप्पा केला त्यावरही तेच. रेघेवर रेघ ठेवली तर एकच दिसावी.

त्यांना एक गवंडी आठवला. पाय मोडून आलेला, सात नंबरच्या खाटेवरचा. त्याची नाडी मिनिटाला बावन्न. नव्या डॉक्टरनं बघितली आणि त्याची पळापळ सुरू झाली. सिस्टरांनी शांतपणे चार्ट पुढे केला होता: आला त्या दिवशी बावन्न, झोपेत बावन्न, जेवल्यावर बावन्न. "ही त्याची आहे, डॉक्टर. त्याच्याकडेच राहू द्या." गवंडी त्यावर म्हणाला होता, "माझ्या बापाचीही एवढीच होती."

जो आकडा रोज येतो, कामाबरोबर चढतो, काम थांबलं की आपोआप उतरतो, त्याला ताप म्हणत नाहीत. जिना चढणाऱ्या माणसाची छाती धपापते, म्हणून त्याला कुणी भरती करून घेत नाही.

त्यांनी पुढचे कागद घेतले. सहावा दिवस: एकशेवीस. सातवा: एकशे तेवीस. अकरावा: एकशे सव्वीस. ही रेघ वेगळी होती. ओझं तेच, रस्ता तोच, ड्रायव्हर तोच. मग बदललं काय? वॉर्डात ताप अचानक चढला की सिस्टर पहिल्यांदा शेवटचा रकाना बघायच्या: आदल्या दिवशी कोणतं औषध सुरू केलं?

त्यांनी शेवटच्या रकान्यावर बोट ठेवलं. सहाव्या दिवशी, त्यांच्याच अक्षरात, लिहिलं होतं: ओली पट्टी. अकराव्या दिवशी: ओली पट्टी, जाड.

सिस्टर उठल्या. अंगणात जाऊन गाडीसमोर उभ्या राहिल्या. वाळलेलं, चौघडीचं, सपाट गाठीनं बांधलेलं गोणपाट जाळीच्या बरोबर मधोमध होतं. त्यांनी स्वतःचा तळहात स्वतःच्या नाकातोंडासमोर धरून बघितला. मग हात खाली घेतला.

चहाच्या वेळी पावणेसात उठले तेव्हा टेबलावर कागद तसेच होते.

"काय निदान?" त्यांनी विचारलं.

"रोग्याचं नाक दाबून धरलं होतं आपण, बारा दिवस."

"आपण?"

सिस्टरांनी चहाचा कप त्यांच्यापुढे सरकवला. "मी," त्या म्हणाल्या.

पावणेसातांनी चहाचा घोट घेतला. खरं तर त्यांना त्या गोणपाटाबद्दल पहिल्या दिवसापासून शंका होती. पण त्यांनी शब्द दिलेला होता, आणि त्या शब्दावर तीन वर्षं जगले होते. हे त्यांनी बोलून दाखवलं नाही. "साखर बरोबर आहे," एवढंच म्हणाले.

सोमवारी पावणेसातच्या ठोक्याला गाडी निघाली. डेपोत लालशर्टनं बघितलं. "काय काका, पट्टी काढली? उतरला ताप?"

"चढायचा आहे अजून," सिस्टर म्हणाल्या. "आणि चढला तरी चालणार आहे."

कालच्या रात्रीपर्यंत त्यांना हे जितकं स्वच्छ दिसत होतं तितकं तिसऱ्या वळणावर दिसेना. काटा शंभरवर आला. त्यांचा उजवा पाय आपोआप गाडीचा पत्रा दाबू लागला. पावणेसातांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं.

"थांबू?"

"चला."

एकशे चार. पाण्याची टाकी मागे पडली. एकशे सात. समोर एक उतरता ट्रक आला, त्याला वाट द्यायला गाडी मंदावली, पुन्हा जोर धरला. एकशेदहा.

"सिस्टर, विचारून ठेवतो. किती झाले की थांबायचं?"

"एकशे अठरा."

"ते कुठून काढलं?"

"तिच्याच कागदावरून. बारा तिचे स्वतःचे. दोन उन्हाचे. चार माझ्या भीतीचे."

"भीतीचे चारच?"

"रस्त्याकडे बघा."

सातव्या वळणावर एकशे बारा. काटा तिथं टेकला आणि टेकूनच राहिला. सिस्टरांनी या वेळी डोळे मिटले नाहीत. आठव्या वळणानंतर चढ मऊ झाला तसा तो एकेक रेघ उतरत गेला, कुणी पट्टी न ठेवता. फाटकात शिरताना अठ्ठ्याण्णव. त्यांनी ठिपका मारला आणि मग लक्षात आलं की पेन इतकं दाबून धरलंय की बोटावर खळगा पडलाय.

तिसरी खेप दुपारच्या उन्हात एकशे चौदापर्यंत गेली. फाटक लागलं तेव्हा साडेतीन वाजले होते. पहारेकरी जेवणाच्या डब्यावरून उठला आणि घड्याळाकडे बघून म्हणाला, "आज सुट्टी बिट्टी आहे का?"

मंगळवारी तीन. बुधवारी तीन.

गुरुवारी सकाळी मेस्त्री डेपोच्या दारात उभे होते, डोळ्यांवर काळा चष्मा, आवाज मात्र नेहमीचा. सिस्टरांनी आधी त्यांचा चष्मा उतरवून डोळा तपासला, पापणी खाली ओढून बघितली, "चांगलं जमलंय" म्हणाल्या, आणि मग चार्टची चळत त्यांच्या हातात दिली.

मेस्त्रींनी कागद नाकाशी धरून वाचले. गोणपाटाच्या दिवसांपाशी आल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळा पुसायला हात नेला.

"हात नाही लावायचा," सिस्टर ओरडल्या. "आणि हसायचंही नाही. टाका ताणेल."

"हसत नाहीये मी, सिस्टरबाई. देव शपथ." मेस्त्रींनी ओठ घट्ट मिटून थोडा वेळ आभाळाकडे बघितलं. "ऐका आता. तेल म्हणजे पाणी नव्हे. शंभरला उकळत नाही ते. डिझेल गाडी ओझं घेऊन चढतेय म्हटल्यावर शंभर ते एकशेवीस हे त्याचं कामाचं तापमान. पाण्याच्या काट्यापेक्षा तेल दहा-वीसनं वर असायचंच. एकशेतीसकडे जाऊ लागलं, की मग जोर कमी करायचा, कारण शोधायचं. तोवर चालवायची."

"आणि शंभरच्या खाली ठेवलं तर? जास्त बरं ना?"

"तिथंच तर गंमत आहे." मेस्त्रींनी बॉनेट उघडायला लावलं, तेल ओतायच्या तोंडाचं झाकण फिरवून काढलं आणि उलटं धरलं. आतल्या कडेला पांढरट, साबणाच्या फेसासारखा पातळ थर होता. "ही बाष्पाची साय. तेल तापून टिकतच नाही, मधेमधे बॉनेट उघडून गार केलं जातं, तेव्हा आत ओल राहते आणि असं होतं. चांगलं शंभरच्या वर टिकलं की ती ओल उडून जाते. तुमचं थोडंच आहे, जाईल आठवड्यात. आणि चढावरून आल्या आल्या इंजीन बंद करत होता का?"

पावणेसातांनी सिस्टरांकडे बघितलं. सिस्टरांनी चार्टकडे.

"सुरुवातीला," त्या म्हणाल्या.

"ते नका करू. थांबायचंच झालं तर दोन मिनिटं चालू ठेवून मग. धावत आलेल्या माणसाला तुम्ही एकदम झोपवता का?"

"नाही," सिस्टर म्हणाल्या. "हे तरी मला कळायला हवं होतं."

"एकशे अठराचा आकडा कुणी काढला पण?" मेस्त्रींनी शेवटच्या कागदावरची लाल रेघ दाखवत विचारलं.

"हिनं," पावणेसात म्हणाले. "त्यात चार भीतीचे आहेत."

"राहू द्या ते. भीतीचे चार बरे असतात." मेस्त्रींनी झाकण पुसून परत बसवलं.

गुरुवारी तीन. शुक्रवारी तीन. शनिवारी दुसऱ्या खेपेला एका वळणावर मेंढ्या आडव्या आल्या आणि वीस मिनिटं गेली, मग डेपोत फरशा यायला आणखी तास. तिसरी खेप भरून निघायला पावणेचार वाजले. पावणेसात एरवीपेक्षा जोरात नेत होते, आणि टाकीपाशी काटा एकशे पंधरावर आला. सिस्टरांनी खिडकीची काच पूर्ण खाली घेतली, जणू त्या वाऱ्याचा इंजिनाला काही उपयोग होता. सहाव्या वळणावर एकशे सोळा.

"एकशे सोळा," त्या म्हणाल्या.

"थांब म्हणतेस?"

त्यांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. "एक गिअर खाली घ्या. घाई नको. वेळ आहे आपल्याकडे."

"किती?"

"तुम्ही गिअर घ्या. घड्याळ माझ्याकडे."

सातव्यावर एकशे सोळाच. आठव्यावर एकशे तेरा. फाटकापाशी पाचला चार मिनिटं कमी होती आणि पहारेकऱ्याचा हात कडीवर होता. त्यानं गाडी आत घेतली, सही केली, आणि पाच वाजता फाटक लावलं. एकही फरशी फुटलेली नव्हती. चलनावर त्यानं तसं लिहून दिलं.

डेपोत दुसऱ्या इमारतीसाठी कुणाचं नाव लागणार हे आता कुणी सांगायची गरज नव्हती. तरी फोन आला, रिकामी गाडी उतरणीला लागतानाच. स्टोअरकीपर म्हणाला, "सोमवारपासून तुम्ही दोघंच. लालशर्टाला शहरात काम लागलंय, तो खूश आहे. आणि काका, ते गोणपाट परत द्या, डेपोचं आहे."

टाकीच्या वळणावर सिस्टर म्हणाल्या, "थांबा."

पावणेसातांनी ताबडतोब गाडी कडेला घेतली आणि मीटरकडे बघितलं. "अठ्ठ्याऐंशी आहे."

"असू दे."

"मग कसला ताप?"

"ताप नाही. पाय आखडलेत माझे. जरा उतरते." त्या दार उघडून खाली उतरल्या. पावणेसातांनी किल्लीला हात घातला, मग आठवण झाली, आणि दोन मिनिटं इंजीन तसंच चालू ठेवलं. तेवढ्यात त्यांनी हँडब्रेकजवळचा क्लिपबोर्ड काढला आणि आजचा शेवटचा रकाना रिकामा दिसला.

"अगं, उपचारात काय लिहू?" त्यांनी खिडकीतून विचारलं.

"काही केलं नसेल तर आडवी रेघ मारायची. रिकामं ठेवायचं नाही."

त्यांनी रेघ मारली. "वेळ?"

"पाच चाळीस."

त्यांनी पाच चाळीस लिहिलं, किल्ली फिरवून इंजीन बंद केलं आणि तेही खाली उतरले.